पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच: दर पावसाळ्यात परत येणारा दोष

लक्षण असं. बटण दाबलं की पीसी चालू होतो, पंखे फिरतात, कॅबिनेटचा दिवा लागतो, आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवून गप्प होतो. मग कॅबिनेट उघडायचं, रॅम (मेमरीची पट्टी) काढायची, खोडरबराने घासायची, परत बसवायची. पीसी सुरू! पंधरा दिवसांनी, फार तर महिन्याने पुन्हा तेच. कोकणात, मुंबई-ठाण्यात, गोव्यात हे जून ते सप्टेंबर हटकून होतं, आणि इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कित्येक घरांत कॅबिनेटचं झाकण स्क्रू न लावता नुसतं टेकवून ठेवलेलं दिसतं.

खोडरबराचा उपाय खोटा नाही. अडचण अशी की तो लागू पडतो, म्हणून दोष रॅमचाच होता असं घरात ठरून जातं आणि पैसे भलत्या वाटेने जायला लागतात. आधी नवी रॅम, मग नवा मदरबोर्ड (ज्यावर सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड), मग ‘जुना झालाय, आता नवीनच घ्या’. त्यात २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की अंदाजाने रॅम विकत घेणं परवडणारं नाही. माझं मत सरळ आहे: हा दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी नीट सफाई, मग बोर्डावरचा सेल, मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि भिंतीतलं अर्थिंग हे सगळं तपासून झाल्यावरच रॅमच्या दुकानाकडे वळावं.

आधी हे वगळा

काळी स्क्रीन म्हणजे हाच दोष असं नाही. काही कारणं इतकी साधी असतात की कोणी बघतच नाही.

पीसीला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये हवी, वर मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये नाही. सफाईसाठी सगळ्या वायरी काढल्या की परत लावताना ही गफलत फार होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे (आय३-१२१००एफ, आय५-१२४००एफ) त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच. रायझन ५ ५६०० मध्येही नाही; ५६००जी मध्ये आहे. स्वस्तात मिळाला म्हणून ‘एफ’वाला प्रोसेसर घेतला आणि कार्ड घेतलंच नाही, तर रॅम कितीही घासा, चित्र येणार नाही.

नुकताच एसएमपीएस किंवा बोर्ड बदलला असेल तर प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वेगळी वायर बघा. २४ पिनचा मोठा कनेक्टर लावला की काम झालं असं वाटतं, पण प्रोसेसरला वीज या छोट्या कनेक्टरमधून जाते. ती राहिली तर पंखे छान फिरतात आणि बाकी काहीही होत नाही.

आणि डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचा नवा पीसी पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं काळी स्क्रीन राहणं नेहमीचंच आहे. बोर्ड त्या वेळात रॅमशी जुळवून घेत असतो. अशा वेळी घाबरून बटण दाबून धरू नका. चहा ठेवा.

बोर्ड काय सांगतोय?

बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक एलईडी असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं). ज्यावर दिवा अडकतो तिथे बोर्ड अडलाय. स्वस्त आणि जुन्या बोर्डांवर हे नसतात, पण ‘स्पीकर’ लिहिलेल्या चार पिना बहुतेकांवर असतात. त्यावर लावायचा बारीक बझर अगदी किरकोळ किमतीत मिळतो. कॅबिनेटबरोबर हल्ली तो येत नाही, म्हणून वेगळा मागून घ्या. घरी पीसी उघडणाऱ्याने करण्यासारखी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी आहे.

बझर लावल्यावर सगळ्या रॅमपट्ट्या काढा आणि पीसी चालू करा. लांब बीप पुन्हा पुन्हा वाजले तर ती चांगली बातमी समजा: प्रोसेसर जिवंत आहे, बोर्ड जिवंत आहे, बायोस (पीसी सुरू करणारा, बोर्डातच असलेला प्रोग्राम) चालतंय आणि ते रॅम मागतंय. रॅम काढूनही बोर्ड मुका राहिला तर रॅम घासत बसण्यात अर्थ नाही. सरळ खाली सेल आणि एसएमपीएसच्या भागाकडे जा. बीपची भाषा प्रत्येक बायोसची वेगळी असते, म्हणून एक लांब-दोन आखूड याचा अर्थ आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेतच बघावा. ब्रँडेड जुन्या पीसींमध्ये बहुधा पॉवर बटणाचा दिवाच ठरावीक वेळा लुकलुकून हे सांगतो.

सफाई, पण नीट

पीसी बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डावर उरलेला चार्ज जाईल. हाताने कॅबिनेटचा रंग नसलेला पत्रा शिवा. दमट हवेत स्थितिक विजेचा त्रास कमी असतो, पण नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हिवाळ्यात हे विसरू नका.

आता ब्लोअर. दुकानात मारतात तसा जोरात मारायचा असेल तर पंख्यांत बोट किंवा काडी अडकवून ते फिरणार नाहीत असं करा, कारण हवेने गरगर फिरवले की त्यांचे बेअरिंग खराब होतात. धूळ ही नुसती घाण नाही. कापडाचे तंतू, मीठ, स्वयंपाकघराचा तेलकट अंश असलेली धूळ हवेतलं पाणी धरून ठेवते, आणि ओली धूळ दोन पिनांमध्ये किंचित वीज जाऊ देते. मार्चमध्ये याच धुळीने काही बिघडत नाही. जुलैत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तीच नडते.

रॅमपट्टीच्या पिवळ्या पट्ट्यांसाठी पांढरं, मऊ, पेन्सिलचं खोडरबर घ्या. शाई खोडायचं निळं, वाळूसारखं खरखरीत टोक चालणार नाही. एकाच दिशेने, हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी पुसा आणि कचरा ब्रशने पूर्ण झटका. खोडरबराचे बारीक कण स्लॉटमध्ये गेले की तेच नवा दोष होऊन बसतात. त्याहून चांगलं म्हणजे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणाऱ्या कापडावर घेऊन. ते मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ‘आयपीए’ या नावाने मिळतं. पेट्रोल, थिनर, जखमेला लावायचं स्पिरिट यांतलं काही नको. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको. तो धूळ चिकटवून ठेवतो.

आणि स्लॉट! सगळे पट्टी घासतात, स्लॉटकडे कोणी बघत नाही. कॉन्टॅक्ट दोन बाजूंनी होतो, आणि स्लॉटमधल्या स्प्रिंगसारख्या पिना उघड्या वर तोंड करून वर्षभर धूळ झेलत असतात, विशेषतः रिकाम्या स्लॉटमधल्या. टॉर्च लावून बघा. कोरडा मऊ रंगकामाचा ब्रश उभा फिरवा, मग इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा, पटकन उडून जाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारा, दोनदा पट्टी आत-बाहेर करा, पूर्ण वाळू द्या. सुई, टाचणी, ब्लेड आत घालू नका. एक पिन वाकली की बोर्ड गेला.

पट्टी बसवताना खाच जुळवा, दोन्ही टोकांना अंगठ्याने सारखा दाब द्या, कुलूप आपणहून ‘टक’ करून बंद झालं पाहिजे. एकच पट्टी आणि चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट. एकच पट्टी लावून चालू करा. चालली की दुसरी.

मग परत का येतो?

इथे मुद्दा आहे, म्हणून जरा थांबतो.

रॅमच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो. सोनं स्वतः गंजत नाही. पण तो थर फार पातळ असतो, स्वस्त पट्ट्यांवर तर नावापुरता, आणि त्याच्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. खाली निकेल, त्याखाली तांबं. दमट हवा, समुद्राकडून येणारं मीठ आणि नाल्या-खाड्यांतून येणारा हायड्रोजन सल्फाइड हे सगळं त्या छिद्रांतून खाली पोचतं. खाडीकाठच्या इमारतींत एसीच्या तांब्याच्या कॉइल लवकर गळतात त्याचं एक कारण हाच वायू. खालचा धातू गंजला की त्याची काजळी वर येते आणि कॉन्टॅक्ट अडवते.

आता खोडरबर काय करतं? काजळी पुसतं, आणि प्रत्येक वेळी सोन्याचाही थोडा अंश घेऊन जातं. म्हणून पहिल्यांदा घासल्यावर वर्षभर चाललेली पट्टी पुढे सहा महिने चालते, मग दोन, मग पंधरा दिवस. पट्ट्यांच्या टोकाला पिवळ्याऐवजी करडा किंवा लालसर रंग दिसू लागला असेल तर ती पट्टी घासून घासून संपवलेली आहे. तिथे मात्र नवी रॅम हाच उपाय. पिवळा रंग शाबूत असेल तर यापुढे खोडरबर बंद, फक्त अल्कोहोल.

दुसरं कारण गरम-थंड होणं. पीसी चालू असताना पट्टी आणि स्लॉट तापून किंचित फुगतात, बंद झाल्यावर आकसतात, आणि पिना केसाच्याही अंशाने सरकतात. प्रत्येक सरकण्यात थोडी धातूची पूड तयार होते. रोज चालणाऱ्या ऑफिसच्या पीसीपेक्षा आठवड्यातून एकदा चालू होणारा घरचा पीसी जास्त छळतो, कारण मधल्या दिवसांत तो थंड आणि ओला असतो. गावच्या घरी गणपतीपुरता उघडला जाणारा पीसी तर बंदच सापडायचा.

म्हणून पावसाळ्यात पीसी लागो न लागो, दोन-तीन दिवसांनी अर्धा-एक तास चालू ठेवा. आतली ऊब हाच सगळ्यात चांगला कोरडेपणा. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, आणि ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून तर नाहीच. बंद असताना प्लास्टिकचं कव्हर घालायची पद्धत आहे. त्यात ओल कोंडते, त्यापेक्षा जुनी सुती चादर बरी, आणि चालू करताना तीही काढायची. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायचा सल्ला मिळतो. ज्या डब्याला चारही बाजूंनी भोकं आहेत त्यात पुड्या घालून काय होणार? काढून ठेवलेली रॅम, कार्ड हवाबंद डब्यात ठेवताना त्या जरूर वापरा.

अजून एक. सप्टेंबरच्या शेवटी कंटाळून नवा भाग टाकला आणि दोष गेला, तर त्या भागाला श्रेय देऊ नका. ऑक्टोबर आला की हवा कोरडी पडते आणि दोष आपोआपच जातो. नव्या भागाची परीक्षा पुढच्या जुलैत होते, आणि तोवर दुकानाची टेस्टिंग वॉरंटी संपलेली असते.

सेल

बोर्डावरचा चकतीसारखा सेल म्हणजे सीआर२०३२: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. तो उतरला की घड्याळ मागे पडतं, ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो, बायोसची सेटिंग पुसली जातात. काही बोर्ड सेल मेला की सुरूच होत नाहीत. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला. तो इतका स्वस्त आहे की तीन-चार वर्षं झाली असतील तर मोजण्याचीही गरज नाही. चांगल्या कंपनीचा घ्या, लिहिलेली बाजू वर. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका भाजते, हे गंभीर आहे.

सेल काढायच्या आधी दोन कामं: बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो, आणि विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवणं. बायोस कोरं झाल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा कुलपातच राहतो.

एसएमपीएस: खरा संशयित

रॅम काढून घालताना अजून एक गोष्ट नकळत होते: आपण वायर काढतो, बटण दाबतो, पाच-दहा मिनिटं जातात. पुष्कळदा पीसी त्या विश्रांतीने सुरू होतो, आणि नाव खोडरबराचं होतं. हे ओळखायचं असेल तर पुढच्या वेळी दोष आल्यावर रॅमला हात लावू नका. फक्त भिंतीतून वायर काढा, बटण दाबून धरा, दहा मिनिटांनी परत चालू करा. एवढ्यानेच डिस्प्ले आला तर संशयाची सुई एसएमपीएसकडे जाते. अजून खुणा: सकाळी पहिल्यांदा बटण दाबल्यावर येत नाही, तिसऱ्या-चौथ्यांदा येतो, मग दिवसभर ठणठणीत. पंखा जोरात चालू केला, फ्रिज सुरू झाला की पीसी रिस्टार्ट. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की बंद.

याचं कारण आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सारखी करणारे छोटे डबे. उष्णतेने त्यांच्यातलं द्रव हळूहळू सुकतं आणि थंड असताना ते धड काम करत नाहीत. जरा गरम झाले की चालतात. बोर्डाला मिळणारं १२ किंवा ५ व्होल्ट सुरुवातीच्या क्षणी खाली जातं, रॅमची तपासणी फसते, बोर्ड अडकतो. बघणाऱ्याला वाटतं रॅम गेली.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. पीसी चालू असताना, मोकळ्या असलेल्या चार पिनच्या मोठ्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये काळी-पिवळी म्हणजे १२, काळी-लाल म्हणजे ५. मान्य मर्यादा पाच टक्के आहे: १२ चे ११.४ ते १२.६, आणि ५ चे ४.७५ ते ५.२५. पीसीवर काम वाढवा आणि आकडा बघत राहा. हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवणं ही दुकानातली लाडकी चाचणी आहे, पण तिने तो जिवंत आहे एवढंच कळतं, ओझं पेलतो का ते कळत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आत ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेलं असतं आणि वायर काढल्यानंतरही ते लगेच जात नाही. मदरबोर्डावरचे कपॅसिटर बघायला हरकत नाही: माथा सपाट हवा, फुगलेला, तपकिरी डाग असलेला दिसला तर बोर्ड दुरुस्तीवाल्याकडे.

बदलायचा ठरला तर स्टिकरवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ‘४५० वॉट’ लिहिलेल्या स्वस्त डब्याच्या बाजूला एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते बघा. समजा १४ अँपिअर लिहिलेत. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणजे तुमच्या हातात १६८चा एसएमपीएस आहे, ४५०चा नाही. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टचा आकडा एकूण वॉटच्या जवळ जातो. ‘८० प्लस’चा शिक्का असेल तर उत्तम, त्यासाठी २०, ५० आणि १०० टक्के ओझ्यावर किमान ८० टक्के कार्यक्षमता लागते. आणि हातात घेऊन वजन बघा. हाताला लगेच जाणवेल इतका हलका, पोकळ डबा असेल तर परत ठेवा. पैसे वाचवायचेच असतील तर कॅबिनेट स्वस्त घ्या, रंगीत दिव्यांचे आरजीबी पंखे सोडा, कीबोर्ड जुना चालवा. इथे वाचवू नका.

दोन सूचना. मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. टोक बसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि डिस्क जळतात. दुसरं, ऑफिसातून निघालेले, दुरुस्त करून विकलेले (रिफर्बिश्ड) पीसी घरोघरी आलेत. त्यांत डेल ऑप्टिप्लेक्सच्या अनेक मॉडेलांत बोर्डाला २४ ऐवजी ८ पिनचा कनेक्टर असतो. बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही. जुना काढून सोबत न्या, किंवा निदान कनेक्टरचा फोटो.

कॅबिनेटला झिणझिण्या येतात?

अनवाणी पायाने कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरातलं अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ असेल तर ती किंचित वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतात. प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणसाला नुसत्या झिणझिण्या. पण अशा पीसीला टीव्हीची एचडीएमआय केबल लावताना ठिणगी पडून पोर्ट जातो, आणि विचित्र हँग, रिस्टार्ट होत राहतात. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घालून चालवणं हे याचं नेहमीचं मूळ.

वायरमनला बोलवा आणि मोजायला सांगा: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळपास सारखं यायला हवं, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या चाळींत, गावच्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. हा खर्च पीसीचा नाही, घराचा आहे, आणि गिझर-वॉशिंग मशीनसाठीही तो करायलाच हवा.

लाइट गेल्यावर पीसी इन्व्हर्टरवर न टिकता रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. बहुतेकांवर ‘इको’ आणि ‘यूपीएस’ असे दोन पर्याय असतात. यूपीएसवर ठेवलं की बदल लवकर होतो.

रॅम घ्यायचीच झाली तर

पट्ट्या करड्या पडल्या असतील, किंवा एकच पट्टी सगळ्या स्लॉटमध्ये नापास होत असेल, तर घ्या. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ला २८८, पण खाच प्रत्येकाची वेगळ्या जागी. जोर लावून बसवायची वेळ आली तर चुकीची पट्टी आहे.

ऑनलाइन शोधताना डीडीआर३ची ८ जीबीची पट्टी फारच स्वस्त दिसली तर वर्णन शेवटपर्यंत वाचा. कुठेतरी बारीक अक्षरात ‘फक्त एएमडीसाठी’ असतं. त्या पट्टीवरच्या चिप प्रत्येकी ४ बिट रुंदीच्या असतात आणि इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांना त्या चालत नाहीत. लावल्यावर काय दिसतं? पंखा फिरतो, स्क्रीन काळी. तसंच सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड ईसीसी’ रॅम: स्लॉटमध्ये अगदी नीट बसते आणि घरच्या बोर्डावर कधीच चालत नाही. एच६१ चिपसेटचे, २०११च्या पिढीचे स्वस्त बोर्ड अजून नवे म्हणून विकले जातात. त्यांवर ८-८ जीबीच्या दोन, म्हणजे एकूण १६ जीबीच्या पुढे जाता येत नाही. लॅपटॉप आणि मिनी पीसीला डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची लागते का तेही बघा.

वापरलेली रॅम घ्यायला माझी हरकत नाही. रॅम सहसा एकतर चालते किंवा चालत नाही, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास विचारलंत तर जुनी पट्टी काउंटरवरच लावून दाखवणारे भेटतात. पिवळ्या पट्ट्या उजेडात धरून बघा. खोडरबराचे ओरखडे आणि करडेपणा लगेच दिसतो. एसएमपीएस मात्र वापरलेला घेऊ नका, कोणाकडूनही. जीएसटीचं बिल मागा, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. १८ टक्के वाचवायला कच्च्या पावतीवर घेतलेल्या मालाची कंपनीची वॉरंटी मिळवताना दमछाक होते.

घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाका आणि रात्रभर चालू द्या. तो फुकट आहे. एकही लाल ओळ आली तर पट्टी सकाळी परत. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक चाचणीही चालेल, पण ती तेवढी कसून बघत नाही. नव्या आणि जुन्या पट्टीचा वेग वेगळा असेल तर दोन्ही कमी वेगाने चालतील. त्याने बिघडत काही नाही.

हे सगळं करूनही बोर्ड अडकत असेल, म्हणजे सफाई झाली, सेल नवा, एसएमपीएस दुसऱ्या चांगल्या पीसीतून आणून लावून बघितला, ओळखीची चालणारी रॅम लावली आणि तरी डीरॅमचा दिवा, तर बोर्डाचा स्लॉट किंवा प्रोसेसरखालचं सॉकेट. इंटेलच्या बोर्डात सॉकेटची एखादी पिन वाकलेली असते, आणि काही वेळा कूलर एका बाजूने जास्त आवळलेला असतो; चारही स्क्रू थोडे सैल करून कोपऱ्याकोपऱ्याने सारखे आवळून बघा, थर्मल पेस्ट नवी लावून. त्यानंतर दुरुस्तीवाल्याकडे. नेताना आख्खा पीसी नेऊ नका. बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम एवढंच, आणि डेटा असलेली डिस्क (एसएसडी) घरी. त्याला ‘डिस्प्ले येत नाही’ एवढंच सांगू नका, वर काय काय बदलून बघितलं ते कागदावर लिहून द्या, आणि त्याच्या रॅमवर नाही तर तुमच्या रॅमवर चालवून दाखवायला सांगा.